दौंडची मुलाखत आणि आबांचा गुडघा

मला स्वस्थ बसता येत नाही. तरुणपणी येत नव्हतं आणि आता म्हातारपणीही येत नाही. एवढं एक वाक्य लिहीपर्यंत मी उठून खिडकी लावून आले, आणि गरम होतंय म्हणून परत उघडून आले. आई म्हणायची, हिच्या अंगात मुंग्या हायेत. उपासनेला माझ्या शेजारी बसायला कुणी धजत नसे, कारण प्रवचन लांबलं की मी बाकाच्या वेताच्या काड्या एकेक करून उपटायला लागायचे. त्यापायी शाळेत छड्या खाल्ल्या, पण काही उपयोग झाला नाही.

त्यामुळे दौंडहून मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा मला काय येतं आणि काय येत नाही याची काळजी कुणालाच नव्हती. सगळं कंपाउंड माझ्या हातापायांच्या चिंतेत पडलं.

आम्ही शिरूरला मिशनच्या कंपाउंडात राहायचो. वडील तिथल्या बोर्डिंगचे आचारी होते. ते गेल्यावर आई त्याच चुलीपुढं भाकऱ्या थापायला बसली, म्हणून खोली आमच्याकडं राहिली. मी तिथंच शिकले, शिक्षिकेचं ट्रेनिंग केलं आणि नोकरीची वाट बघत घरी बसले. ही साठ सालानंतरची गोष्ट. मग बोर्डिंगच बंद करायचं ठरलं. बोर्डिंग चालवणाऱ्या गोऱ्या मडम त्यांच्या देशाला परत निघाल्या होत्या आणि तिकडून येणारा पैसा आटला होता. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या देवळाच्या पाद्र्यांनी, आईला बोलावून अगदी मऊ आवाजात सांगितलं, की मे महिना संपायच्या आत खोली सोडावी लागेल. मऊ आवाजात सांगितलं म्हणून खोली काही कमी सुटत नाही. आईचं माहेर कवठ्याकडचं, पण भाऊ वारलेला, आणि भावजय आम्हाला उंबऱ्याच्या आत घेईल अशी आशा नव्हती. मे महिना संपल्यावर कुठं जायचं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात दौंडचं कळलं. तिकडच्या शेतकऱ्यांनी मिळून एक नवी शाळा काढली होती आणि तिला मुलींचं वसतिगृह जोडायचं होतं. आसपासच्या खेड्यांतल्या मुली ठेवायच्या, तर त्यांच्यावर बाई हवी, आणि बाई तिथंच मुक्कामाला हवी. मी आईला पेपरातली जाहिरात वाचून दाखवली. तिनं पगार विचारला नाही, काम विचारलं नाही. पीठ मळता मळता एवढंच विचारलं, "खोली देत्यात का?"

"देतात," म्हटलं.

"मग जा. आन् तिथं चुळबुळ करू नको."

आमच्या कंपाउंडाची एक रीत इथंच सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिथं कुठलंही काम प्रार्थनेवाचून सुरू होत नसे. पंचांची सभा असो, शिवणाचा वर्ग असो, विहिरीतला गाळ काढायचा असो. एकदा कुणाची तरी शेळी हरवली होती, तर शोधायला निघण्याआधीसुद्धा आम्ही सगळे गोल उभे राहिलो होतो. वडीलधारं माणूस म्हणायचं, "चला, सुरुवात करा." की मग जमलेल्यांत जो वयानं सगळ्यात लहान, त्यानं उठायचं, डोळे मिटायचे आणि मोठ्यानं प्रार्थना करायची. पाठ केलेली चालत नसे, मनानं करायची. त्यात हजर असलेल्या प्रत्येकासाठी काही ना काही मागायचं. स्वतःसाठी मात्र मागायचं नाही. आपल्यासाठी दुसऱ्यानं मागायचं. बुधवारच्या सभेला जाताना वाटेत बायका एकमेकींना सांगायच्या, "माझ्या दाढेचं घे गं आज," "आमच्या धाकट्याच्या परीक्षेचं घे." घे म्हणजे देवापुढं काढ. स्वतः उठून स्वतःचं मागणं म्हणजे पंगतीत आपल्याच हातानं तूप वाढून घेतल्यासारखं.

आमच्या खोलीचं मात्र कुणी घेतलं नाही. कोण घेणार? खोली मिशन मागत होतं, आणि मिशनच्याच देवळात उभं राहून ते बोलायचं कुणी? आई दर बुधवारी पुढं बसायची. सगळ्यांच्या दाढा, म्हशी आणि परीक्षा देवापुढं निघायच्या, आमेन व्हायचं आणि आम्ही दोघी घरी यायचो. आई फक्त भांडी जरा जोरात ठेवायची. माझं डोकं फिरायचं.

"अगं, मग सांग ना कुणाला तरी," मी म्हणायचे.

"समद्यांना ठावं हाय," ती म्हणायची. "सांगायला कशाला पायजे?"

मुलाखतीची तयारी करून घ्यायला पाळकीणबाई पुढं आल्या. मनानं चांगली बाई, पण शिस्तीची फार. त्यांनी आपल्या व्हरांड्यात एक टेबल मांडलं, पलीकडं स्वतः बसल्या आणि अलीकडं मला बसवलं. "हात मांडीवर. पाय जुळव. विचारलं तेवढंच बोल. हसायचं, पण दात दाखवायचे नाहीत." माझ्या हातात त्यांनी एक रुमाल दिला, म्हणजे बोटांना काही उद्योग राहील. पहिल्याच दिवशी मी त्याची काठ-शिवण उसवून ठेवली. दुसरा रुमाल दिला नाही.

"आणि मुख्य म्हणजे," त्या म्हणाल्या, "तिथं आपलं मिशनचं काही काढू नकोस. नावावरून त्यांना कळेल तेवढं कळू दे. ती शेतकरी माणसं, त्यांना वाटायचं ही आमच्या पोरी बाटवायला आली. साधी राहा. छाप पडली पाहिजे."

ही तालीम रोज संध्याकाळी चालायची. आणि रोज तालमीआधी पाळकीणबाई टेबलावर दोन्ही हात ठेवून म्हणायच्या, "चला, सुरुवात करा," आणि मी उठून डोळे मिटून प्रार्थना करायचे. त्यात काही चमत्कारिक आहे असं त्यांच्याही मनात आलं नाही आणि माझ्याही नाही. आम्हाला दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

जायच्या दिवशी आईनं मला फिकी निळी साडी नेसवली. निघताना मी तिला म्हटलं, "माझं घे हं." ती म्हणाली, "ते सांगायला लागतंय व्हय?" आणि माझ्या पदराची पिन उगीचच काढून पुन्हा लावली. शिरूरहून सकाळची एसटी धरली, मध्ये एकदा बदलली. खिडकीशी बसले तर ऊन लागायचं, आत सरकले तर शेजारची बाई माझ्याकडं बघायची. कंडक्टर शेवटी म्हणाला, "बाई, काय हरवलंय का?" काही नाही म्हटलं आणि पुन्हा जागा बदलली.

शाळेची इमारत अजून पुरती झाली नव्हती. मुलाखत होती दौंडला, स्टेशनापासून जरा बाजूला, शेतकऱ्यांच्या सोसायटीच्या गोदामात. बाहेर बाकड्यावर बसवलं. आत कुणीतरी मोठ्या आवाजात सांगत होतं, की विहिरीवरचं इंजिन बंद पडलंय, मिस्त्री येतो म्हणून आला नाही आणि ऊस वाळायला लागलाय. मी पाय जुळवून बसले. मग उठले, फेरी मारली, पुन्हा बसले. माझ्याआधी एक बाई आत जाऊन आली होती. तिच्या हातात पर्स होती आणि चष्म्याला सोनेरी कडा होती. ती इतकी शांत होती की मला तिचा रागच आला.

मग मला हाक मारली. आत खताच्या गोण्यांची थप्पी लागलेली, आणि त्या खताचा वास नाकात असा शिरत होता की डोळ्यांना पाणी यावं. टेबलापलीकडं तिघं होते. मधे फेटेवाले चेअरमन, ते इंजिनवाले. एका अंगाला हेडमास्तर, कोट घातलेले, खतानं डोळे पाणावलेले आणि सारखे रुमालानं पुसणारे. दुसऱ्या अंगाला एक म्हातारे शेतकरी. त्यांना सगळे आबा म्हणत होते. त्यांनी एक पाय सरळ करून गोणीवर ठेवला होता, आणि धोतर वर सरकल्यामुळं गुडघ्याला बांधलेलं रुईचं पान दिसत होतं. शाळेची जमीन त्यांनी दिलेली, हे मला नंतर कळलं.

मी नमस्कार केला. बसले. हात मांडीवर, पाय जुळवलेले. चेअरमननी टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाले, "चला, सुरुवात करा."

मी उठले आणि डोळे मिटले.

"हे आमच्या स्वर्गीय बापा," मी मोठ्यानं म्हटलं, "या दिवसाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. इथं जमलेल्या वडीलधाऱ्यांवर तुझी कृपा असू दे. ज्यांच्या विहिरीवरचं इंजिन बंद पडलं आहे त्यांच्याकडं लवकर मिस्त्री पाठव आणि त्यांचा ऊस सांभाळ. आबांच्या गुडघ्याचं दुखणं हलकं कर. सरांच्या डोळ्यांना आराम दे..."

इथवर आले आणि रेल्वेच्या यार्डात कुठंतरी गाडीच्या इंजिनानं लांबलचक शिटी दिली. शिरूरला रेल्वे नाही. आमच्या कंपाउंडात कधी कुठली शिटी ऐकू यायची नाही. त्या शिटीनं मला कळलं की मी कुठं उभी आहे.

डोळे मिटलेलेच ठेवले, कारण उघडले की समोरची तोंडं बघावी लागणार. प्रार्थना मधेच सोडून बसता येत नाही, आणि संपवायची तर आमच्यात ती येशूच्या नावानंच संपते. पाळकीणबाईंचं बोलणं आठवलं. आईची खोली आठवली. ते नाव गाळून नुसतं आमेन म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं. आणि मग मला रागच आला. पाळकीणबाईंचा की त्या शिटीचा की मिशनचा, कुणास ठाऊक. बापाच्या मरणात आणि शेळीच्या शोधात जे म्हटलं, ते आज एका खोलीपायी गिळायचं? मी म्हटलं, "येशूच्या नावानं मागतो. आमेन." आणि खाली बसले.

चेअरमनचा हात फेट्याला लागलेला होता, काढावा की ठेवावा अशा बेतानं. हेडमास्तर डोळे पुसायचं थांबले होते. आबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली होती. ती त्यांनी सावकाश पुन्हा डोक्यावर घातली.

"बाई," हेडमास्तर म्हणाले, "सुरुवात करा म्हणजे आपली माहिती सांगायला सुरुवात करा, असं साहेबांचं म्हणणं होतं."

"हो सर," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? माझे पाय टेबलाखाली एकमेकांशी भांडायला लागले होते.

मग प्रश्न झाले. मी उत्तरं दिली, पण काय दिली ते आजही मला सांगता यायचं नाही. तोंड एकीकडं बोलत होतं आणि मन दाराबाहेर पळालं होतं. हेडमास्तरांनी एक स्पष्ट विचारलं, की वसतिगृहातल्या मुलींना तुम्ही हे असं शिकवणार का? मी सांगितलं, "मुलींना मी शाळेत असेल तीच प्रार्थना सांगीन. माझी माझ्या खोलीत करीन." त्यांनी कागद मिटला. झालं, संपलं, असं मी समजले.

तेवढ्यात आबांनी तोंड उघडलं. "पोरी, एक इचारू? तू ह्यांच्या इंजिनाचं मागितलंस. माज्या गुडघ्याचं मागितलंस. सरांच्या डोळ्यांचं मागितलंस. तुजं काय न्हाई मागितलंस?"

"आमच्यात स्वतःचं नाही घेत, आबा," मी म्हटलं. "दुसऱ्यानं घ्यायचं असतं."

"आन् मग तुजं कोण घेतं?"

या प्रश्नाला पाळकीणबाईंच्या तालमीत उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "घेतात कुणी कुणी." आणि मग तोंडातून निघूनच गेलं. "पण खोलीचं कुणी घेत नाही."

"कसली खोली?"

मी सांगितलं. आईची, मे महिन्याची, मिशनची सगळी हकीकत सांगितली. विचारलं तेवढंच बोल, म्हणून बजावून पाठवलेली मी, गोण्यांच्या थप्पीपुढं बसून घरचं सगळं ओतून मोकळी झाले. आबा ऐकत होते आणि चेअरमन दाराकडं बघत होते, मिस्त्री आला की काय म्हणून. "बरं, या आता. कळवू," चेअरमन म्हणाले.

परत येताना एसटीत मी जागा बदलली नाही. बसायलाच जागा नव्हती, शिरूरपर्यंत दांडीला धरून उभी होते.

आई अंगणाच्या तोंडाशी थांबलेली. "कसं झालं?"

"बरं झालं."

"हात हलवलेस?"

"नाही," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं. डोळे मिटून उभी होते तोवर माझा एक हातसुद्धा हलला नव्हता. बाकीचं मी तिला सांगितलं नाही. सांगून काय करायचं? ती आधीच भांडी आवरायला लागली होती. जाळीच्या कपाटातलं सामान तिनं एका टोपलीत काढलं, मग कुठं न्यायचं ते ठाऊक नाही म्हणून परत कपाटात लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं. मी मिशनच्या फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. पोस्टमन दिसला की पुढं व्हायचे आणि तो आमच्याकडं न वळता गेला की त्याच्यावरच करवादायचे. पाळकीणबाई विचारायच्या, "छाप पडली ना?" मी म्हणायचे, "पडली असेल." एक बुधवार गेला. दाढा, म्हशी, परीक्षा. दुसरा गेला.

मग एका दुपारी फाटकाशी बैलगाडी थांबली आणि तिच्यातून आबा उतरले, काठी टेकत, त्या एका पायावर भार न देता. कवठ्याला त्यांच्या सोयऱ्यांकडं काही कार्य होतं, वाटेत वाकडी वाट करून आले होते. आईनं घाईघाईनं घोंगडी टाकली, पाणी दिलं, आणि हे कोण म्हणून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "दौंडचे आबा. शाळेच्या कमिटीतले."

आबा भिंतीला टेकून बसले, पाय लांब केला आणि आईला म्हणाले, "लेक तुमची लई गुणाची. आमच्या कमिटीत आली ती डोळे मिटून हुबी ऱ्हायली आन् माज्या गुडघ्यासाठी देवाला साकडं घातलं तिनं. आमी तिघं नुस्ते बघत बसलो."

आईचा चेहरा उतरला. ती माझ्याकडं वळली. आता काही खरं नाही, असं मला वाटलं.

"वाईट वाटून घेऊ नका," मी आईऐवजी आबांनाच म्हटलं. "चुकून झालं ते."

"आता ऐकून तर घे," आबा म्हणाले. "तू गेल्यावर मास्तर म्हनाले, ही बाई नको, ती चष्म्याची बरी. चेअरमन बी तसंच म्हनाले. मी म्हनलं, थांबा. मी उठलो. टोपी काढली. आमाला तुमच्यावानी डोळे मिटून बोलाया येत न्हाई, म्हणून उघड्या डोळ्यांनीच म्हनलं, की पोरीची रीत अशी हाय की आपलं आपुन मागायचं न्हाई, दुसऱ्यानं घ्यायचं. इथं तिचं कोण न्हाई. तवा तिच्या खोलीचं मी घेतो. आन् मी टोपी हातात धरून हुबाच ऱ्हायलो. ह्या गुडघ्यावर. ते व्हय म्हणंपत्तुर बसलो न्हाई."

आईनं पाण्याचा तांब्या पुन्हा त्यांच्यापुढं सरकवला.

"खोली वसतिगृहाच्या अंगालाच हाय," आबा तिला म्हणाले. "चुलीला जागा हाय. तुमी बी या. पोरींच्या भाकरीला कुणीतरी लागंलच."

आई तशीच उकिडवी बसून होती. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि रडली. वडील गेले तेव्हाही मी तिला अशी रडताना पाहिलं नव्हतं. मध्येच पदर काढून ती आबांना म्हणाली, "इतके बुधवार गेले, आबा. हितं आमचं कुणी घेतलं न्हाई."

आबांना बुधवारचं काही कळायचं कारण नव्हतं. त्यांनी मान हलवली. आईनं त्यांना गूळ-शेंगदाणे दिले, ते त्यांनी आमच्याच घरात बसून खाल्ले, पाणीही प्याले. त्या काळी आमच्याकडं येणारे सगळेच पीत नसत. निघताना काठीवर भार देऊन उठले, दारात वळले आणि मला म्हणाले, "गुडघ्याचं घेत जा. इंजिनाचं झालं, मिस्त्री आला. गुडघ्याचं ऱ्हायलंय."

त्या संध्याकाळी आम्ही दोघी प्रार्थनेला बसलो. वयानं लहान म्हणून उठायचं मी, पण आईनं मला हातानं खाली बसवलं आणि स्वतः उठली. आबांच्या गुडघ्याचं घेतलं, चेअरमनच्या उसाचं, हेडमास्तरांचं, पाळकीणबाईंचं, पाळकसाहेबांचंसुद्धा. शेवटी म्हणाली, "आन् माज्या पोरीच्या हातापायांना जरा थाऱ्यावर ठेव, बापा." मी तेव्हा चटईच्या काड्या उपटत होते.

त्या खोलीत आई मरेपर्यंत राहिली. शेवटची काही वर्षं ती अंथरुणावर होती आणि वसतिगृहातल्या पोरी तिच्या उशाशी बसून अभ्यास करायच्या. आबा तिच्याआधी गेले. त्यांचं प्रेत वाड्यावरून नदीकडं नेताना शाळेपुढं क्षणभर थांबवलं, तेव्हा मी मुलींना घेऊन फाटकात उभी होते. गुडघा त्यांचा काही बरा झाला नव्हता. मी रोज घेत होते, एक दिवस चुकवला नाही. त्या दिवशी संध्याकाळी खोलीत डोळे मिटून उभी राहिले आणि सवयीनं गुडघ्यापाशी आले, तिथं थांबले. आई अंथरुणावरून म्हणाली, "घे गं. आजच्या दिवस घे."

मी घेतलं.